शलाका कुणाच्या हातात?



नांदुरा हे मुंबई-नागपूर रेल्वेलाईनवरचं गाव. मलकापूर सुटलं की नांदुरा, मग जलंब, मग शेगाव. हायवेनं जाणाऱ्याला लांबूनच 105 फुटी मूर्ती दिसते आणि नांदुरा आलं असं तो म्हणतो. तालुक्याचं ठिकाण आहे, नगर परिषद आहे, तहसील आहे, पंचायत समिती आहे. म्हणजे ठराव करणाऱ्या जागा भरपूर आहेत. पण या जागांवर वस्तीतलं अठरा-वीस वर्षांचं पोरगं तोंड उघडायला गेलं की एकच वाक्य ऐकू येतं : "पोट्टेहो, तुमाले काय समजते? चूप बसा."

हे वाक्य फक्त पाटील-देशमुख म्हणत नाहीत. आपल्या वस्तीतले, निळा फेटा बांधलेले पुढारीही म्हणतात. म्हणून हे वाक्य किती खोटं आहे ते इतिहासातून तपासून पाहू.

27 जानेवारी 1919. साउथबरो कमिटीपुढं साक्ष द्यायला एक माणूस उभा राहिला. वय 27. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. मताचा अधिकार कुणाला द्यायचा याची चौकशी ही कमिटी करत होती. त्या माणसानं सांगितलं की अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडले पाहिजेत आणि त्यासाठी मताच्या अटी खाली आणल्या पाहिजेत. तो माणूस म्हणजे बाबासाहेब. तेव्हा ते कुणाचे 'साहेब' झालेले नव्हते. एक तरुण होते आणि मुद्दा पाठ नव्हे, पक्का होता.

पुढच्याच वर्षी, 1920 च्या मे अखेरीस, नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. कौन्सिलातले अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलातल्या इतर सभासदांनी निवडावेत, अशी सूचना त्या काळात डिप्रेस्ड क्लासेस मिशनकडून पुढं आली होती. तिच्या विरोधात बाबासाहेब नागपुरात उभे राहिले. वय 29. मुद्दा साधा होता. माझा आवाज दुसऱ्यानं निवडायचा असेल, तर तो आवाज त्याचा आहे, माझा नाही.

तरुणांच्या सभेचा पहिला धडा इथं आहे. कुणीतरी मोठ्या मनानं दोन पोरं मंचावर बसवली म्हणजे तरुणांना आवाज मिळाला असं होत नाही. ती दोन पोरं कुणी निवडली, हा प्रश्न आधी विचारायचा.

आता महाड. सगळ्यांना 20 मार्च 1927 माहीत आहे, चवदार तळ्याचं पाणी माहीत आहे. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही 1924 साली तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागद तयार होता. तीन वर्षं तो कागद कपाटात पडला आणि तळ्याच्या काठावर जनावरं पाणी पीत राहिली, माणसं नाहीत. त्या कागदाला पाण्यापर्यंत नेलं ते कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनं. ती परिषद महाडात भरावी म्हणून गावोगाव पायपीट करणारा, बाबासाहेबांना आग्रह करणारा मुख्य कार्यकर्ता होता रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म 1903. तेव्हा जेमतेम चोविशीचा.

दुसरा धडा : ठराव होणं वेगळं, अंमल होणं वेगळं. या दोन गोष्टींमधलं अंतर कापायला तरुण लागतात, आणि नुसते तरुण भागत नाहीत, त्यांची परिषद लागते.

1942 च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवाखाली समता सैनिक दलाची परिषद झाली आणि महिलांची स्वतंत्र परिषदही झाली. महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आपल्या वऱ्हाडातली बाई. ज्या काळात शिकलेल्या घरांतही बाई बैठकीच्या खोलीत येत नव्हती, त्या काळात आपल्या बाया खुर्चीवर बसून सभा चालवत होत्या. आज आपल्या युवक मंडळाच्या फलकावर पंधरा नावं असतात आणि त्यात पोरगी एकही नसते. म्हणजे आपण 1942 च्या मागं गेलो काय? याचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या मंडळाचा फलक बघून द्यावं.

पुढं बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करून शिकणाऱ्या पोरांसाठी तिथं सकाळचे वर्ग होते. या कॉलेजात विद्यार्थ्यांचं पार्लमेंट होतं. संसदेच्या धर्तीवर पोरं वाद घालायची, कायद्यावर बोलायची. 1950 साली खुद्द कायदेमंत्री बाबासाहेब या पोरांच्या पार्लमेंटमध्ये येऊन हिंदू कोड बिलावर बोलले. लक्षात घ्या. दिल्लीत ज्या बिलावर सनातनी त्यांच्यावर तुटून पडत होते, ते बिल त्यांनी पोरांपुढं मांडलं. पोरांना काय समजते, असं ते म्हणाले नाहीत. राज्य चालवायला शिकायचं असेल तर आधी सभा चालवायला शिकलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

हा हिशेब त्यांनी कुठून आणला? विलायतेतून, असं आपले विरोधक म्हणतात. बाबासाहेबांनी त्याला 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात उत्तर देऊन ठेवलंय. संसदीय पद्धत या देशाला नवी नाही, बौद्ध भिक्षूंच्या संघात सभेचे सगळे नियम होते, असं त्यांनी तिथं दाखवून दिलं. विनयपिटकात हे नियम आजही वाचायला मिळतात. प्रस्ताव मांडायचा तर आधी ज्ञप्ती, म्हणजे सूचना द्यायची. महत्त्वाचा विषय असेल तर तीनदा विचारायचं : कुणाचा विरोध आहे काय? ठरलेली संख्या भरली नसेल तर सभा बेकायदा. ती संख्या भरून काढणाऱ्याला नाव होतं गणपूरक. आणि मतभेद मिटले नाहीत तर मत घ्यायचं. मतासाठी लाकडाच्या काड्या वाटायच्या. त्या काडीला म्हणत शलाका.

शलाका गोळा करणारा माणूस कसा असावा तेही लिहून ठेवलंय. जो पक्षपातानं, द्वेषानं, मोहानं किंवा भीतीनं वाकत नाही, आणि कुणाची शलाका घेतली, कुणाची राहिली हे ज्याला कळतं, असा. विसाव्या वर्षी उपसंपदा मिळायची. म्हणजे वीस वर्षांचा भिक्षू, मग तो कालपर्यंत न्हावी असो की भंगी, सभेत पूर्ण सभासद. अडीच हजार वर्षांपूर्वी. आणि आमच्याकडं वीस वर्षांच्या पोराला अजून म्हणतात, चूप बस.

जगात दुसरीकडंही हेच घडलं. अमेरिकेत 1 फेब्रुवारी 1960 ला ग्रीन्सबोरो गावी चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या हॉटेलच्या काउंटरवर जाऊन बसले. बघता बघता गावोगावची पोरं बसू लागली. एप्रिलमध्ये एला बेकर या कार्यकर्तीनं या पोरांची परिषद रॅले शहरात भरवली. मोठ्या संघटनांना वाटत होतं की पोरांनी आपली युवक शाखा व्हावं. बेकरबाईंनी पोरांना सांगितलं की स्वतःचं स्वतः ठरवा. पोरांनी स्वतंत्र समिती काढली. मतदार नोंदणीसाठी दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत मार खात फिरली ती हीच पोरं. म्हातारी माणसं चळवळीला नको होती असं नाही. पण त्यांचं काम वाट दाखवायचं होतं, लगाम धरायचं नव्हतं.

आता आपला पँथर. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नामदेव ढसाळ 23 वर्षांचे होते. ज. वि. पवार, राजा ढाले हेही तिशीच्या आसपासचे. इलयापेरुमल समितीचा अहवाल संसदेत धूळ खात होता, गावोगाव अत्याचार चालू होते, आणि रिपब्लिकन पुढारी गटांच्या भांडणात गुंतले होते. पोरांनी रस्ता धरला. गावोगाव छावण्या निघाल्या. 1974 साली शेजारच्या अकोला जिल्ह्यात धाकलीला दोन दलित भावांचे डोळे काढले गेले, ते प्रकरण पँथरनं पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेलं. आवाज असा असतो.

पण मित्रांनो, नुसत्या आरत्या ओवाळायला आपण इथं बसलेलो नाही. पँथर का फुटली? विचारांचे मतभेद होते, हे खरं. मार्क्स की बुद्ध, हा वाद होता. पण मतभेद कुठल्या संघटनेत नसतात? मतभेद मांडायची आणि मोजायची जागा पँथरमध्ये तयार झाली नव्हती. 1973 चा जाहीरनामा छावण्या-छावण्यांत वाचून, मतं घेऊन ठरलेला नव्हता. त्यावरून 1974 साली फूट पडली. 7 मार्च 1977 ला पत्रकार परिषदेत पँथर बरखास्त झाली. ज्या पोरांनी गावात डोकी फोडून घेतली, त्यांच्या हातात त्या दिवशी शलाका नव्हती. आग होती, चूल नव्हती. आग रान पेटवते, पण भाकर चुलीवरच भाजते.

नामांतराचा लढा त्याच सुमाराचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मराठवाड्यात घरं जळली, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली, सरकारनं ठराव गुंडाळून ठेवला. 11 नोव्हेंबर 1979 ला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च औरंगाबादकडं निघाला. हजारो पोरं पायी. तो मोर्चा अडवला कुठं? आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात, खडकपूर्णा नदीजवळ. लाठ्या चालल्या, अटका झाल्या. शेवटी 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ठराव ते अंमल, साडेपंधरा वर्षं. महाडचाच धडा, फक्त किंमत जास्त.

आज काय आहे? 1989 पासून अठराव्या वर्षी मत मिळालं. पण ग्रामपंचायत असो की नगर परिषद, उभं राहायला 21 वर्षं लागतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद पाडल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत लिहिल्या गेल्या, पण कायद्यात लिहिलेलं कॉलेजच्या फाटकापर्यंत येता येता दमून जातं. म्हणजे सिद्धार्थ कॉलेजातल्या पोरांना 1950 साली जे मिळालं होतं, ते पुढच्या पिढीच्या हातून काढून घेतलं. सभा चालवायला शिकायची जागाच बंद केली. मग पोरगं काय शिकणार? डीजे लावायला आणि वर्गणीचं पावतीपुस्तक फाडायला.

जयंती करू नये असं कोण म्हणतंय? जयंती दणक्यात करा. पण जयंती मंडळ वर्षातून एकदा जागं होतं. बाकीचे अकरा महिने वस्तीचा आवाज कुणाकडं असतो? म्हणून नांदुरा तालुक्यातल्या गावोगावी, आणि शहरातल्या प्रत्येक वस्तीत, तरुणांची सभा पाहिजे. युवक परिषद म्हणा, तरुण पंचायत म्हणा, नावात काय. पण नियम पाहिजेत. महिन्याला एक बैठक. आठ दिवस आधी नोटीस, तीत विषय लिहिलेले. गणसंख्या भरल्याशिवाय ठराव नाही. इतिवृत्ताची वही, आणि पुढच्या बैठकीत पहिलं काम ती वाचून दाखवायचं : मागच्या ठरावाचं काय झालं? जमाखर्च भिंतीवर. अर्ध्या जागा पोरींना. वाद मिटला नाही तर गुप्त मत. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनाही बोलायची मुभा, कारण शाळेतल्या शिष्यवृत्तीचं काय झालं ते त्यांनाच माहीत असतं.

मग ही सभा जिथं कायदा आपल्याला बसायला जागा देतो तिथं घेऊन जायची. खेड्यात ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांचा पोरगा तिचा सभासद आहे, कुणाच्या मेहरबानीनं नाही, हक्कानं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं पोरींनी जायचं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर झाले, हा एकच प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळालं नाही तर 2005 चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. एकटा पोरगा अर्ज घेऊन गेला तर त्याच्या बापाला दम देतील. सभेचा ठराव जोडून चाळीस पोरं-पोरी गेल्या तर दम कुणाकुणाला देतील?

आवाज म्हणजे घोषणा नव्हे. घोषणा मोर्चा संपला की घशात राहते. आवाज म्हणजे वहीत लिहिलेला, मोजलेला, पाठपुरावा केलेला ठराव. तो कपाटातून काढून पाण्यापर्यंत न्यायचं काम महाडपासून आपल्याकडं आहे.

तर सांगा, पुढच्या बैठकीची नोटीस कोण लिहितो?