टायर एकाच बाजूने का झिजतो? अलाइनमेंटचा दोष घरच्या घरी कसा ओळखायचा

"गाडी तर सरळच चालतेय, मग अलाइनमेंट कशाला?" हा प्रश्न मला मित्रांकडून नेहमी ऐकायला मिळतो. याचं उत्तर थोडं विचित्र आहे. गाडी अगदी सरळ चालत असली तरी अलाइनमेंट बिघडलेलं असू शकतं. आणि गाडी एका बाजूला ओढत असली तरी दोष अलाइनमेंटचाच असेल असं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे काही बिघडलं की लगेच कोडला हात लावत नाहीत, आधी लॉग वाचतात. गाडीच्या चाकांचा लॉग म्हणजे टायरची नक्षी. गेल्या काही हजार किलोमीटरमध्ये काय झालं, ते सगळं त्यावर उमटलेलं असतं. ते वाचता आलं तर नको तिथे पैसे जात नाहीत.

अलाइनमेंट म्हणजे नेमकं काय?

यात तीन कोन असतात.

टो: वरून पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत का? चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळली असतील तर टो-इन, बाहेर फाकली असतील तर टो-आउट.

कॅम्बर: समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की कललेलं? वरची बाजू गाडीकडे झुकली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर.

कास्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा बाजूने दिसणारा कल. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः यामुळे. टायरच्या झिजेवर याचा परिणाम कमी असतो.

टायर सगळ्यात जास्त खातो तो टो. ढोबळ हिशेब बघा. एक चाक प्रवासाच्या दिशेपासून अर्धा अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरमागे ते साधारण ८.७ मीटर आडवं ओढलं जातं. १०,००० किलोमीटरमध्ये हे अंतर ८७ किलोमीटर होतं. टायर लवचीक असल्यामुळे हे सगळं घासण्यात जात नाही, पण अंदाज येतो. गंमत अशी की दोन्ही चाकं सारखीच पण उलट दिशांना तिरकी असतील तर त्यांची ओढ एकमेकांना मारते आणि गाडी सरळ जाते. स्टीअरिंगला काहीच कळत नाही. झीज मात्र चालूच राहते.

झीज कशी वाचायची?

- मधला पट्टा जास्त झिजला, कडा चांगल्या: हवा जास्त.
- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला: हवा कमी.
- एकच कड गुळगुळीत झाली: कॅम्बर किंवा टो. टो-इन जास्त असेल तर बाहेरची कड आधी जाते, टो-आउट असेल तर आतली.
- आडवा हात फिरवला की एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं: बहुतेक वेळा टो.
- ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे: शॉकअब्झॉर्बर थकलाय, बॅलन्सिंग गेलंय किंवा एखादा भाग ढिला झालाय.

पहिल्या दोन प्रकारांत अलाइनमेंटचा संबंधच नाही. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. हवा टायर थंड असतानाच तपासा.

मोबाइल इथे कामाला येतो

टायरची आतली कड उभ्याने दिसत नाही आणि नेमकी तीच आधी संपते. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक वर. फ्लॅश लावून मोबाइल चाकाच्या मागे धरा आणि व्हिडिओ काढा. माझ्या हॅचबॅकचा पुढचा डावा टायर बाहेरून एकदम छान दिसत होता, गाडीही ओढत नव्हती. व्हिडिओत आतल्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात नक्षी जवळजवळ संपलेली दिसली. अलाइनमेंटच्या मशिनवर त्याच चाकाचा टो लाल आला. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा चारही टायरचे फोटो काढतो. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की नक्षी १.६ मिलिमीटर उरली, टायर बदला. एकाच कडेला हे झालं असलं तरी टायर संपलाच समजा. पावसाळ्यात खोबणीतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही हातात राहत नाहीत. एक्स्प्रेसवेवर हे अनुभवायला जाऊ नका.

गाडी ओढते, मग?

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच असतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे किंचित डावीकडे ओढणं नॉर्मल आहे. त्यापेक्षा जास्त ओढत असेल तर या क्रमाने बघा:

१. चारही टायरची हवा बरोबर करा.
२. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढते का? मग ब्रेक तपासा.
३. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून घ्या. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका.
४. ओढ तशीच राहिली तर आता अलाइनमेंट.

आणि ८०-१००च्या स्पीडला स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करून घ्या. ते वेगळं काम आहे.

वर्कशॉपमध्ये काय विचाराल?

"आधी" आणि "नंतर" असे दोन्ही आकडे असलेला प्रिंट मागा. त्यात ०°३०′ लिहिलं असेल तर तो अर्धा अंश आहे, ०.३० नाही. एका अंशात ६० मिनिटं असतात. मशिनवर गाडी चढवण्याआधी टाय रॉड, बॉल जॉइंट आणि बुश ढिले नाहीत ना, ते बघायला सांगा. ढिल्या भागांवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बिघडतं.

बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये फक्त पुढचा टो ॲडजस्ट होतो. त्यामुळे काम झाल्यावरही कॅम्बर लाल दिसत असेल तर "चालतं हो" ऐकून निघू नका. काही वाकलंय का, ते विचारा. निघताना सरळ रस्त्यावर स्टीअरिंग मधोमध आहे ना, तेही पाहा. तिरकं असेल तर तिथेच परत फिरा.

पुन्हा कधी करायचं? मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आपटलं, नवे टायर टाकले किंवा सस्पेन्शन-स्टीअरिंगचं काम झालं की लगेच. एरवी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराप्रमाणे. आणि नवे टायर घ्यायला जाल तेव्हा जुने टाकून देण्याआधी त्यांची नक्षी एकदा बघून घ्या. जुने कशामुळे गेले ते दुरुस्त केलं नाही, तर नवेही त्याच बाजूने झिजतील.