गडवा, बधना आणि कागद

चित्रकला म्हटली की आपल्या समाजात लगेच तस्वीरीचा प्रश्न निघतो. जानदाराचे चित्र जायज की नाजायज, या वादात मुलाच्या हातातली पेन्सिलच सुटते. या वादाचा निकाल उलेमांनी द्यावा. पण घरातल्या भांड्यांचे चित्र काढायला कोणी मनाई केली?

उलट, ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकरच्या दरबारात अल-जझरी नावाचा कारागीर होता. त्याने इ.स. १२०६ मध्ये यंत्रांवर अरबी ग्रंथ पूर्ण केला. नोकराने हातावर पाणी ओतावे, हे तिथल्या सुलतानाला आवडत नसे. म्हणून अल-जझरीने वुजूसाठी आपोआप पाणी देणारी झारी बनवली. झारी, तस्त, मेणबत्तीचे घड्याळ अशा वस्तूंच्या आकृत्या त्या ग्रंथात आहेत. दुसऱ्या कारागिराला त्या बनवता याव्यात, हा हेतू. पण त्या देखण्याही आहेत.

आपल्या भागाकडे पाहू. कामठा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. 'भाना' म्हणजे पितळी ताट, त्यावरून शहराचे नाव पडले, असे लोक सांगत, ही नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. इथल्या घरांतले गडवा, गुंड, बधना आता स्टील-प्लास्टिकने मागे सारले.

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. इथे पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी आपल्या साध्या लोट्याला बहुधा सर्वांत सुंदर ठरवले. तो हातात, कमरेवर, डोक्यावर कसा बसतो, भरलेला-रिकामा कसा तोलतो, आतून घासता येतो का, या सर्वांतून त्याचा आकार घडला, असे त्यांचे म्हणणे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये याच अहवालातून उभी राहिली.

हे सौंदर्य कागदावर उतरवताना कळते. गडव्याचे तोंड गोल असते, पण डोळ्यांना लंबगोल दिसते. मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या नाहीत, तर गडवा कलंडतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तूंच्या चित्राला म्हणूनच स्थान आहे.

उर्दू शाळांतील मुला-मुलींनी या परीक्षांपासून दूर राहण्याचे कारण नाही. घरातला बधना, पानदान, रेहल समोर ठेवा आणि कागद द्या. भंगारात जाण्याआधी निदान एकदा तरी आपल्या घरची वस्तू नीट पाहिली जाईल.