पुसाची तांबाटी



मागच्या चतुर्दशीला पूजा झाल्यावर मंदिराच्या पायरीवर दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, तुमच्या खिडकीतल्या टोमॅटोचं बी द्याल का?" देते म्हटलं. घरी येऊन डबी उघडली तेव्हा लक्षात आलं, नुसतं बी देऊन भागायचं नाही. ते कुठून आलं तेही सांगायला हवं, कारण ते मलाच फार उशिरा कळलं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आपल्याकडचे जैन म्हणजे बहुतेक शेतकरी. मुंबईत जैन म्हटलं की लोकांना दुकानदारच आठवतो, पण कोल्हापूर-सांगलीकडचा आपला समाज पिढ्यान् पिढ्या नांगरामागे चाललेला आहे. आमच्या परड्यात दिवाळीनंतर तांबाटीची रोपं असायची. टोमॅटो हा शब्द आईच्या तोंडी कधी आला नाही. तांबाटी दोन प्रकारची, एक बाजारची आणि एक पुसाची. "पुसाची हाय ती, लवकर पिकती," एवढंच ती म्हणायची. पुसा ही आमची कुणी लांबची काकी-मावशी असावी आणि बी तिच्याकडून आलं असावं, असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.

आज्जी मात्र या दोन्ही तांबाट्या स्वयंपाकघरात येऊ देत नसे. कापल्यावर आत लाल, ओला गर दिसतो, ते तिला बघवायचं नाही. आई परड्यातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात आमटी करायची. तेव्हा मला आज्जीचा राग यायचा. पण हे तिच्या एकटीचं नव्हतं. सोवळ्याच्या कितीतरी घरांत लाल रंगामुळे टोमॅटो वर्ज्य होता. जॉर्ज वॅट यांनी भारतातल्या पिकांचा मोठा कोश केला, तो १८८९ ते १८९३ या काळात निघाला. त्यात टोमॅटो मुख्यतः युरोपियन लोकांसाठी पिकवला जातो, आणि बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात घालतात, अशी नोंद आहे. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं म्हणत. मराठीतही 'वेलवांगी' हे जुनं नाव आहे. आता सांगा, वांगं बहुबीज म्हणून ज्या घरात शिजत नाही, तिथे वेलवांग्याला कोण आत घेणार? आजही काही जणींचा टोमॅटोचा त्याग आहे. त्यांनी हा लेख नुसता वाचावा, मी कुणाचा नियम मोडायला बसलेली नाही.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पीक म्हणून तो मेक्सिकोत रुळला आणि पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आला असं मानतात. बटाटा आणि मिरचीही समुद्रापलीकडूनच आल्या. तिघंही वांग्याच्याच कुळातले. बटाटा जमिनीखाली वाढला म्हणून आपल्या ताटाबाहेर राहिला आणि टोमॅटो वर लागला म्हणून हळूहळू आत आला. आणि आला तो असा की आज त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही. कांदा नाही, लसूण नाही, तर रस्सा दाट कशाने करायचा? घाटकोपरच्या खाऊगल्लीत जैन पावभाजी मागितली तर बटाट्याऐवजी कच्चं केळं असतं, पण चव सगळी टोमॅटोची. म्हणून २०२३ च्या जुलैत मुंबईत टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला तेव्हा शेजारणी कांदा वाढवून वेळ मारून नेत होत्या. आपण काय वाढवणार?

त्याच सुमाराला एका बियाण्याच्या पुस्तिकेत मला पुसा भेटली. पुसा हे बिहारमधलं एक गाव. तिथे १९०५ मध्ये सरकारी शेती संशोधन संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवली. नाव मात्र गावाचंच राहिलं, आणि तिथे तयार झालेल्या वाणांच्या नावापुढे 'पुसा' लागू लागलं. त्यातला 'पुसा रुबी' हा टोमॅटो 'सू' आणि 'सुधारित मेरठी' अशा दोन जातींच्या संकरातून निवडलेला. सू ही अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाची १९४० च्या दशकातली जात. फळ चपटं-गोल, अंगावर हलक्या खाचा, चवीला आंबट, आणि रोप लावल्यापासून साठ-पासष्ट दिवसांत पहिली तोडणी. ही हुबेहूब आईची तांबाटी! वडिलांनी तालुक्याहून कधीतरी पाकीट आणलं असणार.

खरं सांगते, मी जरा खट्टू झाले. मी सगळ्यांना "आमचं अस्सल गावरान बी" म्हणून सांगत होते, आणि ते निघालं निम्मं अमेरिकन. मग हसू आलं. टोमॅटोत गावरान ते काय असणार? पण हे सरळ वाण आहे. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे बी धरलं की पुढच्या वर्षी तेच फळ मिळतं. १९७३ मध्ये बंगळूरहून 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आला. पुढे संकरित वाणं पसरत गेली आणि त्यांचं बी दरवर्षी विकत घेणं आलं. नारायणगाव-पिंपळगावहून वाशीला येणारा जाड सालीचा टोमॅटो बहुतेक तसलाच. त्याचं बी मी एकदा लावून पाहिलं. पाच रोपांना पाच तऱ्हा.

आई २०१८ मध्ये गेली. तिच्या कुंकवाच्या जुन्या डबीत बियांची पुडी होती, ती मी मुलुंडला आणली आणि कपाटात ठेवून दिली. पहिल्या वर्षी हात लावावासा वाटला नाही. पुढे आमच्या सोसायटीने गच्ची गळते म्हणून कुंड्या बंद केल्या, आणि तेही एक निमित्त मिळालं. चार वर्षं गेली. टोमॅटोचं बी तेवढ्यात म्हातारं होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं, शेतकऱ्याची मुलगी मी. २०२२ च्या दसऱ्याला तीसेक बिया पेरल्या, चार उगवल्या. एक मेली, एक कबुतराने मोडली. उरलेल्या दोन रोपांवर आईची सगळी तांबाटी उभी होती. त्या दोन महिन्यांत मी माहेरच्या लग्नालाही मुक्कामाला गेले नाही.

गच्ची गेल्यावर मला वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींची पद्धत उपयोगी पडली. त्यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडं, खत आणि थोडीशीच माती भरलेल्या पिशव्यांत भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली, तीही याच वाटेवरची. माती कमी म्हणजे वजन कमी. माझ्या खिडकीच्या ग्रिलला तेवढंच पेलतं.

मुंबईत लवकर पिकणारी जातच हवी, याचं कारण आपली थंडी. रात्री गारवा असला तरच टोमॅटो फळ धरतो, उकाडा सुरू झाला की फुलं गळतात. आपल्याला मिळतात कार्तिक ते माघ एवढेच दिवस. दशलक्षण संपलं, क्षमावाणी झाली की बी पेरा, कोजागरीच्या पुढेमागे रोप पिशवीत लावा, मार्गशीर्षात पहिलं फळ. चातुर्मासातले नियम तोवर सुटलेले असतात.

"रोप लावणं म्हणजे हिंसा नाही का?" असं माझ्या सूनबाईने विचारलं होतं. आहे. शेतीची ती उद्योगी हिंसा, गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. पण भगवान आदिनाथांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहेच. मी फवारणी करत नाही. फळाला अळी दिसली की ते फळ तोडून खालच्या बागेत झाडाखाली ठेवते, ते तिचं. बी काढताना लोक गर पाण्यात दोन दिवस आंबवतात, ते मला चालत नाही. आईसारखं गर राखेत चोळून फडक्यावर सावलीत वाळवते. राख गावाहून, शेणीची, डबाभर आणते.

यंदा डबीत एकशे चाळीस बिया आहेत. चाळीस ठेवून बाकीच्या क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात आणते, प्रत्येकीला पाच. पुडीवर साल लिहिलेलं असेल. त्याच हंगामात पेरा, आणि पहिल्या पिकल्या फळांतलं एक बियांसाठी ठेवा. माझी रोपं गेली तर मी तुमच्याकडेच मागायला येणार आहे.