बाकाशेजारची खुर्ची

लिखाण तपासायचं म्हणजे वह्यांचा गठ्ठा, लाल शाई आणि तळाशी एक शेरा. ज्या मुलानं ते लिहिलं, ते तेव्हा समोर नसतंच. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, अ‍ॅटकिन्सन गावच्या शाळेत १९७८ ते १९८० या काळात शिक्षिका मुलांच्या बाकाशेजारी जाऊन बसू लागल्या आणि गठ्ठ्याची जागा गप्पांनी घेतली.

या बदलामागचा एक माणूस वर्तमानपत्रातला होता. डोनाल्ड मरे स्वतः शाळेत नापास झालेले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक, पुढे बॉस्टनच्या दैनिकात अग्रलेखकार. १९५४ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवताना ते एकेका विद्यार्थ्याला खोलीत बोलवत आणि आधी त्यालाच बोलू देत. स्वतःच्या मजकुरात काय जमलं, कुठे अडलं हे लिहिणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्यांचे सहकारी डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी हीच रीत सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत नेली. शाळांमध्ये मुलं वाचतात पुष्कळ, पण लिहीत जवळपास नाहीत, असा अहवाल त्यांनी १९७८ मध्ये फोर्ड फाउंडेशनसाठी लिहिला होता. मग ल्युसी कॉकिन्स आणि सुझन सॉवर्स यांच्यासह ते अ‍ॅटकिन्सनच्या वर्गांत जाऊन बसले. सोळा मुलं, दोन वर्षं. मूल थांबतं कुठे, खोडतं काय, लिहिताना पुटपुटतं काय, सगळं टिपलं गेलं.

पहिलीच्या शिक्षिका मेरी एलन जकोबी यांनी तर शाळा सुरू होताच मुलांच्या हाती कोऱ्या बांधीव वह्या दिल्या. मुलं चित्रं काढत, कानाला ऐकू येतील तशी अक्षरं मांडत. बाई शेजारी बसून विचारत, ‘हे काय चाललंय?’ कागद मुलाच्याच हातात राहायचा. त्यानं सांगितलेलं बाई त्याला परत ऐकवत आणि पुढे काय होणार ते विचारत. शुद्धलेखन शेवटी, तेही एका वेळी एकच गोष्ट. अशी भेट दोन-चार मिनिटांत उरके, म्हणून तर भरलेल्या वर्गात ती शक्य झाली. इतकं साधं ऐकून घेणं शाळेला इतक्या उशिरा सुचावं, याचं वाईट वाटतं.

१९८३ साली ग्रेव्ह्ज यांचं पुस्तक आलं आणि ही भेट ‘राइटिंग कॉन्फरन्स’ या नावानं देशभर पोचली. त्याबरोबर तिचा साचाही झाला. ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रम. ग्रेव्ह्ज यांनीच १९८४ मध्ये या कर्मठपणाविरुद्ध लिहिलं. १९८६ मध्ये कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी आणखी मूलभूत आक्षेप घेतला: प्रमाण भाषा ज्यांच्या घरात बोलली जात नाही, त्या मुलांना तिचे नियम स्पष्ट शिकवायलाच हवेत, नुसतं विचारत राहणं त्यांच्यावर अन्याय करतं. हा आक्षेप रास्त होता.

मेन राज्यातल्या शिक्षिका नॅन्सी अ‍ॅटवेल यांनी विचारण्यापासून शिकवण्यापर्यंतचा हा प्रवास स्वतः केला. मोठ्या टेबलामागून उठून मुलांमध्ये यायला आपण किती कचरलो, हे त्यांनी १९८७ च्या ‘इन द मिडल’ या पुस्तकात मोकळेपणानं सांगितलं. पुढे त्यांना आपलेच नियम जाचू लागले. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या मुलाशेजारीच बसलेल्या आहेत, पण आता नुसतं विचारून थांबत नाहीत. स्वतःला जे येतं, ते करून दाखवतात.