नाताळची टर्की आणि बेकरीवाल्याची भट्टी

डिसेंबर लागला की ब्रिटनमधली वर्तमानपत्रे आणि वाहिन्या एका पक्ष्याच्या काळजीत पडतात. टर्की कोरडी पडू नये म्हणून काय करावे, बटाटे कुरकुरीत कसे व्हावेत, सगळे पदार्थ एकाच वेळी गरमागरम टेबलावर कसे यावेत, या सल्ल्यांना अंत नसतो. एवढे करूनही दरवर्षी कुठे टर्की आतून कच्ची निघते, कुठे तिचा भुसा होतो, कुठे दुपारचे जेवण दिवेलागणीला होते आणि मग ज्या बाईने पहाटेपासून कंबर मोडून हे सगळे केले तिलाच बोल लागतो. बोलणाऱ्यांच्या मनात एक गृहीत असते: आजीला जमत होते, पणजीला जमत होते, मग हिलाच का जमू नये? हे गृहीत इतिहासाला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. त्या पणजीची पणजी लंडनमधली कष्टकरी बाई असेल, तर तिने नाताळचा पक्षी बहुधा स्वतःच्या घरात भाजलाच नसेल. सुखवस्तू घरातली असेल, तर तो पगारी स्वयंपाकिणीने भाजला असेल. एकटीने, एका ओव्हनमध्ये, ठरलेल्या तासाला अख्खी मेजवानी उभी करायची ही परीक्षा फार तर शंभर वर्षांची आहे, आणि नाताळच्या स्वयंपाकात आज होणाऱ्या बहुतेक फजित्या त्या परीक्षेतूनच आलेल्या आहेत.

पुरावा सगळ्यांच्या ओळखीच्या पुस्तकात आहे. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झाले, आणि आठवड्याला 15 शिलिंग मिळवणाऱ्या बॉब क्रॅचिटच्या घरचे जेवण हाच आदर्श नाताळ म्हणून इंग्लंडच्या मनात कायमचा बसला. पण ते जेवण शिजते कुठे, हे नीट वाचावे. हंस घरात नाहीच. तो बेकरीवाल्याच्या भट्टीत आहे. धाकटी दोन मुले धावत येऊन सांगतात की बेकरीबाहेर वास आला आणि तो आपल्याच हंसाचा हे आम्ही ओळखले. मग थोरला पीटर त्या दोघांना घेऊन जातो आणि भाजलेला हंस मिरवत घरी आणतो. घरात काय चालले आहे? आई आधी करून ठेवलेली ग्रेव्ही पुन्हा उकळते, पीटर बटाटे कुस्करतो, बेलिंडा सफरचंदाच्या चटणीत साखर घालते, मार्था गरम ताटल्या पुसते. एखाद्या पातेल्यात उकळून होण्यासारखे जे होते ते घरात. आणि जे बिघडले तर वर्षभराची हौस मातीत जाईल ते रोज भट्टी राखणाऱ्या माणसाच्या हातात. क्रॅचिट अपवादही नव्हते. याच पुस्तकात गल्लीबोळांतून असंख्य माणसे आपापली जेवणे बेकऱ्यांकडे नेताना दिसतात. रविवारी या बेकऱ्या बंद पाडू पाहणाऱ्या धर्मनिष्ठ मंडळींवर डिकन्सचा जुना राग होता. सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू यांनी संसदेत आणलेल्या विधेयकाविरुद्ध त्याने 1836 मध्ये टोपणनावाने पुस्तिकाच लिहिली होती. गरिबाचे आठवड्यातले एकमेव गरम, भाजलेले जेवण त्या भट्टीवर अवलंबून आहे, हे त्याला पक्के माहीत होते.

या सोयीमागचे गणित सरळ होते. कष्टकरी कुटुंबाच्या खोलीत उघडी शेगडी असे. तिच्यावर किटली उकळे, रस्सा शिजे, पण पाच-सहा किलोचा पक्षी चहूबाजूंनी भाजून निघणे शक्य नव्हते. तेवढा कोळसाही परवडत नव्हता. बेकरीवाल्याची विटांची भट्टी मात्र एकदा तापली की तासन्‌तास ऊब धरून ठेवी. रविवारी आणि नाताळात पाव भाजला जात नसे, त्यामुळे भट्टी मोकळी. थोडी नाणी द्यायची, ताट ठेवायचे, चर्चहून परतताना उचलायचे. दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचे साहित्य डब्यांत भरून बेकरीत नंबर लावलेली आपल्याकडची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. नानकटाई घरचीच असे. भट्टी फक्त दुसऱ्याची. लंडनमध्ये पक्षी विकत घेण्याची जोखीमही वाटून घेतलेली होती. दारूच्या गुत्त्यांमधून ‘गूस क्लब’ चालत. दर आठवड्याला थोडे पेनी भरायचे आणि नाताळला हंस न्यायचा. शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची कथा (1892) अशाच क्लबातून मिळालेल्या हंसावर बेतलेली आहे. ती पद्धत तेव्हा चांगलीच रुळलेली होती.

इथे कोणी म्हणेल, की क्रॅचिटबाईही घाबरलेल्याच आहेत ना? आहेत, आणि चांगल्याच. पण कशाला घाबरल्या आहेत ते पाहा. हंसाची त्यांना चिंता नाही. त्यांचा जीव टांगलेला आहे तो पुडिंगवर, कारण त्या जेवणातली तेवढीच मोठी जोखीम त्यांच्या एकटीच्या माथी आहे. ते कच्चे राहिले तर, काढताना फुटले तर, परसातल्या भिंतीवरून येऊन कोणी चोरले तर, अशा शंकांनी त्या इतक्या अस्वस्थ होतात की पुडिंग बाहेर काढताना कोणी शेजारी उभे राहिलेलेही त्यांना नको असते. कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात, फडक्यात बांधून ते शिजवलेले आहे. म्हणून झाकण काढताच धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. माझ्या मते हा प्रसंग माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट ते पक्के करतो: भीती तिथेच आहे जिथे काम एकटीचे आहे. आणि तरी पुडिंग जमते. जमणारच होते, कारण तो पदार्थ मुळातच मोठ्या मनाचा आहे. मनुका, बेदाणे, गुरांची चरबी, पावाचा चुरा, मसाले, अंडी आणि ब्रँडी यांचा गोळा पाच-सहा तास उकळायचा. अर्धा तास इकडे-तिकडे झाला तरी त्याचे काही वाकडे होत नाही. अनेक घरांत तो अ‍ॅडव्हेंटच्या आदल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या महिनाभर आधीच, शिजवून टांगून ठेवत, आणि मुरल्याने तो सुधारतच जाई. ऐन दिवशी फक्त पुन्हा तापवायचा. जुन्या स्वयंपाकाचे शहाणपण अशा पदार्थांत साठलेले असते.

वरच्या थरातल्या घरांची गोष्ट वेगळी होती, पण निष्कर्ष तोच. तिथे पक्षी लोखंडी सळईला टोचून निखाऱ्यांसमोर फिरवत. पूर्वी सळई फिरवायला पोरे असत, खास पाळलेली कुत्री असत, पुढे घड्याळासारखी किल्लीची यंत्रे आली. भाजणारा पक्षी सतत डोळ्यांसमोर राही. रंग दिसे, गळणारी चरबी पळीने पुन्हा अंगावर सोडता येई, एक बाजू फार तापली तर निखारे मागेपुढे करता येत. इसाबेला बीटन यांच्या 1861 च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापन ग्रंथात मध्यमवर्गाच्या नाताळाला टर्की हवीच असे गृहीत धरलेले आहे, पण तो ग्रंथ घरधनिणीला नोकर कसे राखावेत हेही तितक्याच तपशिलाने सांगतो. म्हणजे टर्की ज्या घरात गेली, तिथे ती भाजणारी स्वयंपाकीणही होती, आणि ती बाई वर्षातले बावन्न रविवार मोठे मांस भाजत असे. फजिती तेव्हाही होई, पण दुसरीकडे. 1869 च्या नाताळात डिकन्ससाठी त्याचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी याने 30 पौंडांची टर्की रेल्वेने पाठवली. वाटेत डब्याला आग लागली, आणि होरपळलेले तुकडे रेडिंगच्या लोकांना सहा-सहा पेनीला विकले गेले. रेल्वे कंपनीला लिहिलेल्या पत्रात डिकन्सने कसलाही राग धरला नाही. त्याचा तो शेवटचा नाताळ ठरला. त्या वर्षी बिघडलेल्या जेवणाचा जाब विचारायला समोर एक कंपनी होती.

मग हे मदतीचे हात एकेक करून गेले. 1890 च्या दशकात नाणे टाकून चालणारे गॅसमीटर आले, कंपन्या भाड्याने ओव्हन देऊ लागल्या आणि कष्टकरी घरात प्रथमच स्वतःची भट्टी शिरली. पहिल्या महायुद्धानंतर तरुण मुली घरकामाकडे पाठ फिरवून कारखाने, दुकाने, कचेऱ्यांत गेल्या. स्वयंपाकीण मध्यमवर्गातून नाहीशी होऊ लागली. 1923 मध्ये ‘रेग्युलो’ नावाचे उष्णता-नियंत्रक गॅस ओव्हनवर बसले, आणि आकड्यावर काटा ठेवला की बाकीचे यंत्र सांभाळेल असा विश्वास पसरला. बंद दारामागे पक्षी दिसेनासा झाला. त्याच्या जागी घड्याळ आले.

मधली दुसऱ्या महायुद्धाची वर्षे या बाबतीत फार बोलकी आहेत. जानेवारी 1940 मध्ये सुरू झालेले रेशनिंग जुलै 1954 मध्ये संपले. त्या काळात बटाटे किंवा मसूर थापून त्याला ‘हंस’ म्हणत, पुडिंगमध्ये साखरेच्या तुटवड्यापायी किसलेले गाजर घालत. चवीने पाहिले तर ती सगळी तडजोडच. पण अन्न मंत्रालय पत्रके छापत होते, बीबीसी सकाळी ‘किचन फ्रंट’वरून पाककृती सांगत होते, आणि पदार्थ फसला तर टंचाईकडे बोट दाखवता येत होते. स्वयंपाकघर ही साऱ्या देशाची जबाबदारी आहे असे मानले गेले. त्या गाजराच्या पुडिंगांना मी विजय म्हणेन.

टर्की सर्वांची झाली ती यानंतर. नॉरफोकमध्ये बर्नार्ड मॅथ्यूज यांनी 1950 मध्ये 20 अंडी आणि एक जुने उबवणी यंत्र घेऊन सुरुवात केली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत टर्की हा कारखान्यातून निघणारा स्वस्त, गोठवलेला माल झाला. त्याआधी उत्तरेत भाजलेले गोमांस, दक्षिणेत हंस अशी वाटणी होती. हंसाच्या अंगी चरबी भरपूर, त्यामुळे तो जरा जास्त भाजला गेला तरी तग धरतो. टर्कीचे तसे नाही. नव्या वाणांची छाती मोठी आणि बिनचरबीची. ती 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेली की पाणी सोडून कोरडी पडते, आणि पायांमधले चिवट धागे मऊ व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. एकाच अंगाचे दोन भाग, दोन वेगळ्या तापमानांवर शिजणारे, आणि ओव्हन एकच. त्यात पक्षी गोठलेला. फ्रीजमध्ये तो सुटायला किलोमागे 10 ते 12 तास लागतात, म्हणजे पाच किलोच्या टर्कीला दोन दिवसांहून अधिक. शिवाय बटाटे, सारण, भाज्या याच ओव्हनच्या दारात ताटकळत उभे. 1990 मध्ये पाककृतीलेखिका डेलिया स्मिथ यांनी नाताळच्या पुस्तकात अखेरच्या 36 तासांचे वेळापत्रकच दिले आणि लाखो घरांना हायसे वाटले. ज्या जेवणाला रेल्वेसारखे वेळापत्रक लागते, ते एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेले आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की पुष्कळ घरांत हेच जेवण दरवर्षी उत्तम होते. मग दोष साधनांचा की हाताचा? कौशल्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण कौशल्य सरावाने येते, आणि एवढा पक्षी बहुतेक घरांत वर्षातून एकदाच येतो. दहा वर्षे संसार केलेल्या बाईने तो दहा वेळा भाजलेला असतो; जुन्या काळच्या बेकरीवाल्याने एका सकाळी त्याहून जास्त. दुसरा आक्षेप असा, की भट्टीच्या त्या दिवसांना उगाच सोनेरी मुलामा देऊ नये. हे खरे आहे. पावसातून ताट न्यायचे, आणायचे, वाटेत सांडायचे. बेकरीवाल्याने चरबी काढून घेतली, तुकडा कापला, असे संशय होतेच. स्वतःच्या घरातला गॅस ही सुटकाच होती, आणि ती नाकारायचा अधिकार आपल्याला नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की भट्टी घरात आली तेव्हा तिच्यामागचा जाणता माणूस बाहेरच राहिला, आणि या बदलाची नोंद कोणी घेतली नाही.

हे अटळ होते असेही नाही. गोव्यातला नाताळ पाहावा. कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, तयारी तिथे कित्येक दिवस आधी सुरू होते. न्यूरी, कुलकुल, दोदोल हे सगळे टिकणारे पदार्थ. कुलकुल वळायला घरातली आणि शेजारची पोरेबाळे बसतात. बेबिंक थरावर थर देत, वर निखारे ठेवून, सावकाश होते. केकचे मिश्रण आणि भाजायचे मांस गावच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीत धाडण्याची चाल अनेक गावांत होती. तिथेही दोदोल करपतो, बेबिंकचा एखादा थर लागतो. पण ऐन दुपारी सारे घर ताटकळत बसले आहे आणि एकट्या बाईकडे रोखून पाहत आहे, अशी वेळ त्यामुळे कमी येते.

ब्रिटनमध्ये आता पाय काढलेली नुसती छाती सारण भरून, ट्रेसकट ओव्हनमध्ये सरकवायला तयार मिळते. भाजके बटाटे गोठवलेले मिळतात, ग्रेव्ही डब्यात मिळते. घरच्या स्वयंपाकाची परंपरा बुडाली अशी ओरड त्यावर होते. ओरडणाऱ्यांना बहुधा अख्खा पक्षी टेबलावर यायला हवा असतो, यजमानाने उभे राहून सुरी चालवायला हवी असते. ती रीत ज्या घरांतून आली, तिथे पक्षी भाजणाऱ्या हातांना पगार मिळत होता. ज्यांना ती रीत अजूनही हवी आहे, त्यांनी टर्की दोन-तीन दिवस आधी फ्रीजमध्ये सुटायला ठेवण्यापासून तिच्यावर चरबी सोडण्यापर्यंतचे काम आपसांत वाटून घ्यावे, नाहीतर पाय आणि छाती वेगळी करून मागायला खाटकाकडे जावे.