चाक, जमीन आणि खेळातली बग्गी

चाक फिरविणे सोपे आहे. परंतु त्या फिरण्याचे पुढे जाण्यात रूपांतर करणे अवघड. शेवाळलेल्या घाटावर ज्याचा पाय घसरतो, त्याच्या अंगी बळ नसते असे नाही. त्याच्या पायाला जमीन साथ देत नाही, एवढेच. वाहनाचेही तसेच आहे. यंत्र कितीही जोरकस असो, त्याचा जोर जमिनीस पोचवावयाचा तो टायरच्याच द्वारे; आणि टायर जमिनीस टेकतो ती जागा फार लहान असते. मोठ्या मोटारीत ती तळहाताएवढी, तर बिनतारी संदेशाने चालणाऱ्या शर्यतीच्या चिमुकल्या बग्गीत ती जेमतेम दोन बोटांच्या पेरांएवढी. ह्या इवल्याशा जागेसाठी मनुष्याने केलेल्या खटपटीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ रबरापासून होतो. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ बने. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ह्यास, गंधक मिसळून रबर तापविले असता हा दोष पुष्कळ अंशी जातो, असे आढळून आले. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती. परंतु तिचा उपयोग करून घेणारे वाहन अद्याप जन्मास यावयाचे होते, म्हणून ती विस्मृतीत गेली. पुढे चाळीसांहून अधिक वर्षांनी बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे नव्याने शोधून काढली, आणि तीही आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर सुखाने चालावी म्हणून! त्यांचे पेटंट १८८८ सालचे. थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे ते पुढे रद्द ठरले. परंतु १८८९ साली विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, आणि हवेचा टायर जगभर गेला. मुलाच्या खेळण्यासाठी केलेली वस्तू शर्यतीच्या मैदानात सिद्ध व्हावी, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता बग्गीकडे वळू. १९६४ साली कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स ह्यांनी जर्मन फोक्सवॅगन गाडीच्या भागांवर फायबरग्लासची हलकी, उघडी काया बसवून वाळूच्या टेकड्यांवर धावणारी एक मोटार तयार केली. ‘मेयर्स मँक्स’ ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि अशा बग्गींची लाटच उसळली. दुसरीकडे, वस्तू दुरून तारेवाचून चालविण्याची विद्या जुनीच होती. १८९८ साली न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला ह्यांनी पाण्यावरील एक छोटी नौका त्या रीतीने चालवून दाखविली होती. ह्या दोन धारांचा संगम झाला तो जपानात. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७९ साली ‘रफ रायडर’ ही एक-दशांश आकाराची, विजेवर चालणारी बग्गी विक्रीस आणली. १९८४ साली अमेरिकेत ‘आरसी-१०’ ही खास शर्यतीसाठी रचलेली बग्गी निघाली. आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे ह्या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळणे पाहता पाहता क्रीडा बनले.

ह्या बग्गीचे वजन सुमारे दीड किलो. तिच्या टायरमध्ये दाबलेली हवा नसते. आत स्पंजासारखे कडे बसवितात, हवा बाहेर पडण्यासाठी बारीक भोके ठेवितात आणि टायर चाकाच्या कडेस डिंकाने पक्का चिकटवितात. दोनच चाके ओढणारी असतील, तर ती मागची. पुढच्या टायरवर लांब धारा ठेवितात, कारण त्यांचे काम वळविण्याचे. मागच्यांवर काटे अथवा ठोकळे, कारण त्यांचे काम ढकलण्याचे. खेळाच्या बाल्यावस्थेत शर्यती बहुधा उघड्यावर, मोकळ्या मातीत किंवा गवतावर होत. तेथे हिशेब सरळ होता. जमीन भुसभुशीत, तेव्हा काटे लांब. काटा मातीत रुतला की गाडी पुढे गेली.

परंतु थंड देशांत हिवाळ्यात मैदाने निरुपयोगी होतात. ब्रिटनमधील मंडळे क्रीडागृहांत शिरली आणि तेथे सारा हिशेबच उलटला. कोठे पॉलिश केलेली लाकडी भुई, कोठे आखूड लवीचा गालिचा, कोठे कृत्रिम हिरवळ. अमेरिकेत तर छताखाली आणून चोपलेली, पाणी शिंपडून ओलसर राखलेली चिकणमाती. बाहेरचे लांब काटे ह्या कठीण पृष्ठांवर रुतत ना, ते नुसते वाकत. प्रत्येक वळणाला गाडी आधी काट्यांवर डुले आणि मग वळे. म्हणून गालिच्यासाठी आखूड, बारीक आणि दाट काट्यांचे टायर निघाले. कृत्रिम हिरवळीवर असेच काटे पात्यांच्या दरम्यान शिरून आधार घेतात. चिकणमातीची तऱ्हा तर ह्याहून निराळी. गाड्या धावू लागल्या म्हणजे टायरचे रबर मातीवर बसते, धावेची वाट काळसर आणि तुकतुकीत होते. अशा वाटेवर नव्या कोऱ्या टायरपेक्षा अर्धा झिजलेला टायर सरस ठरतो, असे खेळाडूंस दिसून आले. आणि ह्याच अनुभवाचा शेवट कित्येक ठिकाणी अगदी गुळगुळीत टायर वापरण्यात झाला. त्याच मातीवर धूळ साचू द्या, की ठोकळ्यांचा टायर पुन्हा हवासा वाटतो.

रबराच्या मऊपणाचेही असेच आहे. थंड दालनात मऊ रबर लवकर धरते; दालन तापले की तेच रबर लवकर झिजते आणि गाडी ढिली वाटू लागते. गुडइयरने उष्णतेचा प्रश्न सोडविला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याने तो आटोक्यात आणला. सकाळच्या फेरीस योग्य असलेला टायर संध्याकाळच्या अंतिम फेरीस चालेलच, अशी शाश्वती आजही नाही.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. दीडशे वर्षे मनुष्य पकड वाढविण्यासाठी झटला. परंतु दिवसभर गाड्या धावून गालिच्यावर रबर बसले, की तेथे पकड इतकी वाढते की वळणावर गाडी घसरण्याऐवजी उलटी होते! मग जाणते खेळाडू पुढच्या टायरच्या बाजूस डिंकाचा पातळ थर देऊन तो वाळवितात, म्हणजे तेवढा भाग कठीण होऊन कमी धरतो. पैसे देऊन विकत घेतलेली पकड हाताने कमी करावयाची, हे नवख्यास वेडेपण वाटेल. परंतु ह्यातच ह्या विषयाचे मर्म आहे. पकड हा एकट्या टायरचा गुण नव्हे आणि एकट्या जमिनीचाही नव्हे. ते दोहोंचे नाते आहे. जमीन बदलली की नाते बदलते.

ह्यातूनच एक न्यायाचा प्रश्न उद्भवला. ज्याच्या पेटीत टायरांच्या वीस जोड्या आहेत तो प्रत्येक फेरीस नवा प्रयोग करू शकतो. ज्याने खाऊचे पैसे साठवून एकच संच घेतला आहे, त्या मुलाने काय करावे? शिवाय रबर मऊ करणारी द्रव्ये टायरला चोपडण्याची चाल पडली. तिने खर्च वाढला आणि बंद दालनात उग्र वासही. म्हणून कित्येक संयोजकांनी अशी द्रव्ये वर्ज्य केली, आणि युरोपातील अनेक शर्यतींत सर्वांनी संयोजकांनी ठरविलेला एकच टायर वापरावा असा नियम आला. ह्या नियमाने टायर बनविणाऱ्यांची चढाओढ खुंटते, असा आक्षेप घेतात. तो अगदीच खोटा नाही. काटे, धारा आणि गुळगुळीतपणा ह्यांचे सारे शोध त्या चढाओढीतूनच लागले. तथापि शोध लावणे हे कारखान्याचे काम आणि खेळणे हे मुलांचे. जेथे पुष्कळ मुले प्रथमच येतात, त्या मंडळात पैशाची थैली शर्यत जिंकू लागली, तर काही वर्षांत तेथे थैल्याच उरतील, मुले उरणार नाहीत.

एकच टायर ठरला म्हणजे निवड संपते, असेही नाही. तो किती झिजू द्यावा, केव्हा पुसावा, आतले कडे बदलावे की राखावे, हे सारे उरतेच. त्यासाठी नवख्याने प्रथम दुकानात जाऊ नये. धावेच्या कडेला उभे राहावे. वाटेचा रंग पाहावा, तळव्याने जमीन चाचपावी, जो जिंकतो त्याच्या टायरची झीज कोणत्या बाजूस आहे ते पाहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ह्या परीक्षेला पैसा लागत नाही, डोळे लागतात. आणि ते गरिबाच्या मुलाजवळही तितकेच असतात.