सौम्य खोऱ्यांतील वाट

इतिहास म्हटला म्हणजे राजवाडे, रणांगणें आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्या रस्त्यावरून राजे राजवाड्यांत गेले आणि सैन्यें रणांगणावर गेलीं, त्या रस्त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. तथापि राजवाडा एका घराण्याचा असतो आणि रस्ता सर्वांचा. म्हणून सामान्य जनांचा इतिहास ज्याला हवा असेल त्यानें रस्त्यालाच प्रश्न करावे, असें आम्हांस वाटतें. या दृष्टीनें फ्रान्समधील ल्वार नदीच्या कांठची वाट आम्ही येथें विचारार्थ घेतली आहे. आज देशोदेशींचे प्रवासी या वाटेनें सायकलीवर बसून सावकाश हिंडतात. चढउतार बेताचे, एका बाजूस संथ पाणी व वाळूचीं बेटें, दुसऱ्या बाजूस द्राक्षांचे मळे आणि पांढऱ्या दगडाचीं घरें. हें सारें सौख्य निसर्गानें आयतें दिलें असावें, असा पाहणाराचा सहज समज होतो. या समजांत सत्याचा अंश किती, हेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखांत, झेर्बिए-द-झों नांवाच्या शिखराच्या पायथ्याशीं ती उगम पावते. पुष्कळ अंतर उत्तरेकडे वाहून ऑर्लेआं शहराजवळ पश्चिमेकडे वळते, आणि एकंदर १००० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून नांतच्या पलीकडे अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मधल्या टप्प्यांत ब्ल्वा, आंब्वाझ, तूर, सोम्यूर हीं गांवें लागतात. येथील तूरेन प्रांताला फ्रान्सची बाग म्हणतात. पहिल्या फ्रान्सिस राजानें १५१९ सालीं शांबोरचा प्रचंड वाडा बांधावयास घेतला तो या खोऱ्यांतच; आणि त्याच वर्षीं लिओनार्दो द विंचीनें देह ठेवला तोही येथेंच, आंब्वाझ येथें. कादंबरीकार बाल्झाक याचा जन्म १७९९ सालीं तूर शहरीं झाला. राजे, चित्रकार व कादंबरीकार या सर्वांस भुरळ घालणारी ही भूमि सौम्य म्हणून प्रसिद्ध व्हावी, यांत नवल नाहीं.

परंतु ज्या शेतकऱ्याचें घर नदीच्या कांठीं होतें, त्याला विचारलें असतें तर त्यानें निराळेंच उत्तर दिलें असतें. उन्हाळ्यांत जी नदी वाळूंतून रोडावून वाहते, तीच पावसाळी दिवसांत बेफाम होते. १८४६, १८५६ आणि १८६६ अशा दहा दहा वर्षांच्या अंतरानें आलेल्या तीन महापुरांनीं खोऱ्यांत हाहाकार उडविला. या नदीला आवरण्यासाठीं माणसांनीं तिच्या दोहों बाजूंस मातीचे बांध घातले. हें काम एका पिढीचें नव्हे. बाराव्या शतकांत आंजूचा सरदार व इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें, बांधावर राहून त्याची राखण व दुरुस्ती करणाऱ्या लोकांस खास सवलती दिल्या. सतराव्या शतकांत चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या कारकीर्दींत बांध अधिक उंच व बळकट करण्यांत आले. बांध जितके उंच झाले, तितकी नदी अधिक कोंडली गेली. आणि कोंडलेलें पाणी जेव्हां बांध फोडून बाहेर पडे, तेव्हां पूर्वींच्यापेक्षां अधिक नासधूस करी. अखेर १८५६ च्या पुरानंतर कोम्वा नांवाच्या स्थापत्यविशारदानें असें सुचविलें कीं, बांधांत कांहीं ठिकाणीं पाण्याला जाणूनबुजून वाट ठेवावी. माणसानें नदीशीं केलेली ही तडजोडच होय.

प्रस्तुत विषयाशीं या बांधांचा संबंध असा कीं, आज सायकलस्वार ज्या वाटेनें जातो, ती अनेक ठिकाणीं या बांधांच्या माथ्यावरूनच जाते. त्याच्या चाकाखालची सपाटी ही टोपल्यांनीं वाहिलेल्या मातीची सपाटी आहे. खोरें सौम्य आहे खरें. पण ही सौम्यता पिढ्यानपिढ्यांच्या कष्टांनीं संपादिलेली आहे.

या वाटेला निवांतपणा लाभला तोही एका धंद्याच्या मरणानें. ल्वार ही एके काळीं फ्रान्समधील व्यापाराचा राजमार्ग होती. समुद्राकडून येणाऱ्या पश्चिम वाऱ्यावर शिडें उभारून सपाट तळाचे पडाव मीठ घेऊन वर जात, आणि दारू, धान्य व इमारती दगड घेऊन खालीं येत. १८४६ मध्यें ऑर्लेआंपासून तूरपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १८५१ मध्यें तो नांतपर्यंत पोंचला. त्यापुढें थोड्याच वर्षांत नावाड्यांचा धंदा बसला. धक्क्यांच्या फरशा अजून आहेत, दोर बांधण्याच्या लोखंडी कड्या कोठें कोठें दिसतात; पण त्यांना बांधावयास पडाव उरले नाहींत. नदीकांठ असा शांत झाला, आणि त्या शांततेंत पुढें दुचाकीची घंटा वाजली.

दुचाकी प्रथम आली ती श्रीमंतांची हौस म्हणून. १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या रबरी धावेचा शोध लावला, आणि १८९१ सालीं मिशलॅं बंधूंनीं ती चाकावरून सहज काढतां येईल अशी केली. तेव्हांपासून तिचा प्रसार वेगानें झाला. १८९६ सालीं पॅरिस ते तूर ही शर्यत प्रथम झाली. ती आजही होते. १९०३ सालीं ‘तूर द फ्रांस’ ही देशप्रदक्षिणेची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली, तिचा शेवटचा टप्पा नांत ते पॅरिस असा ४७१ किलोमीटरांचा होता. साठ स्वार निघाले होते, त्यांतून एकवीसच शेवटास पोंचले, आणि मोरिस गारां विजयी झाला. धुळीनें माखलेल्या त्या वीरांनीं ल्वारच्या शोभेकडे डोळे उचलून पाहिलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

शोभेकडे पाहणारा पंथ निराळा होता. वरच्या ल्वारच्या मुलुखांतील सेंत-एतिएन शहरीं पोल द विवी (१८५३-१९३०) नांवाचे गृहस्थ राहत. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें ते लिहीत, आणि सायकलप्रवासाला वाहिलेलें मासिक त्यांनीं दीर्घकाळ चालविलें. केवळ अभिमानापोटीं सायकल हाकूं नये, भूक लागण्यापूर्वीं खावें व तहान लागण्यापूर्वीं प्यावें, अशी त्यांची साधी शिकवण होती. चढावर पाय हलका पडावा व सपाटीवर चाक पळावें म्हणून दांत्यांचें प्रमाण बदलण्याच्या युक्तीचा त्यांनीं जन्मभर पुरस्कार केला. शर्यतींचे सूत्रधार आंरी देग्रांज यांना ही युक्ति दुबळेपणाची वाटे; त्यामुळें देशप्रदक्षिणेच्या शर्यतींत तिला १९३७ पर्यंत परवानगी मिळाली नाहीं. ज्यांना कोणाला जिंकावयाचें नव्हतें, त्यांनीं यंत्र सुधारलें. आणि जिंकणाऱ्यांनीं तें मागाहून स्वीकारलें!

तरीही एक प्रश्न उरतोच. यंत्र स्वस्त झालें, रस्ता सपाट होता. परंतु कारखान्यांत राबणाऱ्या माणसाजवळ हिंडावयास दिवस कोठें होते? या प्रश्नाचें उत्तर १९३६ सालीं मिळालें. त्या वर्षीं लेओं ब्लूम यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, देशभर संप झाले, आणि २० जूनच्या कायद्यानें प्रत्येक कामगारास वर्षाकांठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. क्रीडा व फुरसत या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांच्या प्रयत्नांनीं सवलतीचें आगगाडीचें तिकीटही मिळूं लागलें. त्या उन्हाळ्यांत हजारों जोडपीं दोन बैठकींच्या सायकलीवर बसून शहराबाहेर पडलीं. त्यांतील पुष्कळांनीं नदी, समुद्र, मळे हीं जन्मांत प्रथमच डोळे भरून पाहिलीं. त्याच वर्षीं पॅरिस-तूर शर्यत बेल्जियमच्या दानील्स यानें ताशीं ४१ किलोमीटरांहून अधिक वेगानें जिंकली व वेगाचें नवें मानचिन्ह मिळविलें. शर्यतींच्या इतिहासांत नोंद आहे ती दानील्सची. आम्हांस मात्र त्या वर्षींची थोरवी सावकाश जाणाऱ्या त्या निनांवी जोडप्यांत दिसते.

पुढें चारच वर्षें गेलीं. १९४० च्या जूनमध्यें जर्मन सैन्य पॅरिसवर चालून आलें, आणि लक्षावधि लोक घरेंदारें टाकून दक्षिणेकडे निघाले. मोटारी, घोडागाड्या, हातगाड्या आणि असंख्य सायकली यांची रीघ ल्वारच्या पुलांकडे लागली. सायकलीच्या दांडीवर आतां सहलीची शिदोरी नव्हती. संसाराचें गांठोडें होतें. सरकार स्वतःच पॅरिस सोडून कांहीं दिवस तूर येथें आश्रयास आलें होतें. शत्रूला अडविण्यासाठीं फ्रेंच सैन्यानें पुलांच्या कमानी सुरुंगांनीं उडविल्या. सोम्यूर येथें घोडदळाच्या शाळेंतील उमेदवार तरुणांनीं १८ ते २० जूनपर्यंत आपल्याहून कितीतरी प्रबळ सैन्याला तोंड दिलें. तूरचें ग्रंथालय आगींत भस्म झालें. तीच नदी, तोच हंगाम, तींच वाहनें; परंतु रस्ता सुखाचा व्हावयास माणसांच्या जगांत शांतता असावी लागते, हा धडा त्या जूननें शिकविला.

युद्धानंतर पूल पुन्हा उभे राहिले. मोटारी वाढल्या आणि दुचाकी कांहीं काळ मागें पडली. २००० सालीं सुली ते शालोन या टप्प्यांतील खोऱ्याचा समावेश युनेस्कोनें जागतिक वारशांत केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून दोन प्रांतांच्या सरकारांनीं मिळून नदीकांठीं सुमारें ९०० किलोमीटरांची सायकलवाट सिद्ध केली आहे, आणि ती अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या मोठ्या युरोपीय मार्गाचा भाग झाली आहे. वाटेच्या कडेला जुन्या पुरांच्या पातळ्या दगडांवर कोरलेल्या आढळतात. घाईनें जाणाराला त्या दिसत नाहींत. सावकाश जाणाराला दिसतात.

फुरसत म्हणजे आळस, आणि सहल म्हणजे पैसेवाल्यांचा षोक, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही अनेकदा आढळते. ल्वारच्या वाटेचा इतिहास या समजुतीला पुष्टि देत नाहीं. त्या वाटेवर घडीभर मोकळा श्वास घेतां यावा म्हणून कोणी शतकानुशतकें माती वाहिली, कोणाचा धंदा बुडाला, कोणी संप करून दोन आठवडे मिळविले, तर कोणी पुलावर प्राण दिले. एवढ्या मोलानें मिळालेली वस्तु क्षुद्र कशी म्हणावी? ज्या समाजांत राबणाऱ्या माणसालाही नदीकांठानें सावकाश जाण्याइतका वेळ मिळतो, तो समाज कांहींतरी पुढें गेला आहे, असें आम्ही समजतों. आणि हा वेळ राखणें हें बांध राखण्याइतकेंच नित्य जागरूकतेचें काम आहे.